यरीहो ते कुंकळ्ळी: एकाच शास्त्रातल्या दोन आज्ञा

मी बेळगावचा. घरात मराठी, गल्लीत मराठी-कानडी मिसळलेलं, आणि रविवारी देवळात मराठीच. हो, आम्ही जुने प्रोटेस्टंट लोक चर्चला देऊळच म्हणतो, आणि बायबलला पवित्र शास्त्र. गोव्याच्या देवळांच्या स्थलांतरावर आपण सगळे आपापल्या घरच्या आठवणी लिहितो. त्यात माझ्या बाजूची एक आठवण घालावी असं बरेच दिवस मनात होतं. लेख लांब आहे, सवडीनं वाचा.

आमच्या आज्जीचा एक नेम होता. रोज रात्री जेवणं झाली की शास्त्रातला एक अध्याय मोठ्यानं वाचायचा, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, क्रमानं, काही न गाळता. एकूण ११८९ अध्याय, म्हणजे सव्वातीन वर्षांत एक फेरी. आम्ही पोरं ऐकत बसायचो. यहोशवाचं पुस्तक आलं की आम्हाला मजा वाटायची. यरीहो शहराला सात दिवस प्रदक्षिणा, शिंगांचा आवाज, आणि तटबंदी धाडकन खाली. पण भिंत पडल्यानंतरच्या ओळी आज्जी हळू आवाजात वाचायची. त्या शहरातल्या पुरुष-बायका, तरुण-म्हातारे, बैल-मेंढरं सगळ्यांना तलवारीनं मारलं, असं तिथं लिहिलंय.

पुढं पहिल्या शमुवेलाचा पंधरावा अध्याय यायचा. त्यात शौल राजाला देवाचा हुकूम येतो की अमालेकी लोकांचा समूळ नाश कर, तान्ह्या मुलांनाही ठेवू नकोस. शौल त्यांच्या अगाग राजाला आणि चांगली चांगली जनावरं तेवढी राखतो, आणि एवढ्यावरून त्याचं राज्य जातं. शेवटी म्हातारा शमुवेल संदेष्टा स्वतःच्या हातानं अगागचे तुकडे करतो. त्या रात्री आज्जी नेम मोडायची. तो अध्याय संपला की पानं उलटून मत्तयाचा पाचवा अध्याय वाचायची, डोंगरावरचं प्रवचन. म्हणजे त्या रात्री दोन अध्याय. एकदा मी विचारलं, “आज्जी, आज दोन का?” ती म्हणाली, “दोन्ही देवाचंच आहे रे बाळा. पण एकटं ते वाचून झोपू नये.”

आज्जी तेवढंच बोलली. तिच्या त्या सवयीमागं दोन हजार वर्षांचा वाद आहे, हे मला फार पुढं कळलं. ते कळायला गोव्यात जावं लागलं.

मडगावला एका शाळेत मी इतिहास शिकवायला होतो. राहायला खोली मिळाली ती मूळच्या कुंकळ्ळीच्या एका हिंदू घरात. घरमालकांना मी भाऊ म्हणायचो, ते मला सर. शिगम्यातला फातर्प्याच्या देवीचा उत्सव बघून आलो त्या रात्री भाऊंनी अगदी शांतपणे विचारलं, “सर, तुमच्या शास्त्रांत देवळां मोडपाक सांगलां काय?” मी म्हटलं, “सांगितलंय, भाऊ.” “आनी दुस्मानाचेर मोग करपाकूय सांगलां?” “तेही सांगितलंय.” मग ते म्हणाले, “मागीर तुमी खंयचें धरतात?”

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. ज्याच्या पूर्वजांना देवी डोक्यावर घेऊन गाव सोडावं लागलं, त्यानं हा प्रश्न विचारायलाच हवा. आणि ज्याच्या घरात रोज ते शास्त्र वाचलं जातं, त्यानं उत्तर द्यायलाच हवं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचा माग.

आधी शास्त्रात काय आहे ते नीट बघू. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात इस्राएल लोकांना सांगितलंय की कनान देशातल्या सात जातींशी करार करू नका, दया करू नका, सोयरीक करू नका, त्यांच्या वेद्या पाडा, स्तंभ फोडा, मूर्ती जाळा. विसाव्या अध्यायात लढाईचे नियम आहेत. लांबच्या शहरांना आधी तहाचं बोलणं करायचं. पण कनानातल्या शहरांत श्वास घेणारं काहीही जिवंत ठेवायचं नाही. याला हिब्रूत ‘हेरेम’ म्हणतात. देवाला वाहून टाकलेलं, म्हणून माणसानं वापरायचं नाही, नष्टच करायचं. लुटीचा मोह नको म्हणून केलेला हा नियम माणसांनाही लागू होतो, हे वाचताना अंगावर काटा येतो.

आता दुसरी बाजू. येशू सांगतो की डोळ्याबद्दल डोळा ही जुनी रीत तुम्ही ऐकली आहे, पण तुम्ही दुष्टाला उलटून मारू नका, वैऱ्यावर प्रेम करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा. त्याला पकडायला लोक येतात तेव्हा एक शिष्य तलवार काढतो. येशू त्याला ती म्यान करायला सांगतो, आणि तलवार धरणारे तलवारीनंच मरतात असं बजावतो.

बरेच लोक इथं सोपी वाटणी करतात. जुना करार रागाचा, नवा करार प्रेमाचा. ती टिकत नाही. जुन्या करारात शेताच्या कडेचं पीक गरिबांना आणि परक्यांना सोडा असा कायदा आहे. तलवारी मोडून नांगराचे फाळ करण्याचं यशयाचं स्वप्न आहे. योनाचं आख्खं पुस्तक तर शत्रूच्या निनवे शहरावर देव दया करतो म्हणून रुसून बसलेल्या संदेष्ट्याची थट्टा आहे. उलट नव्या करारात येशू एके ठिकाणी म्हणतो की मी शांतता आणायला आलो नाही, तलवार आणायला आलो. प्रकटीकरणात रक्तानं माखलेलं वस्त्र घातलेला स्वार आहे. तेव्हा ही भांडणाची रेघ दोन करारांच्या मधून जात नाही. ती दोन्हींच्या आतून जाते.

पण शास्त्राच्या आतच या भांडणाची जाणीव आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. लूकच्या नवव्या अध्यायात एक छोटी गोष्ट आहे. येशू आणि शिष्य एका शोमरोनी गावात मुक्काम मागतात, गाव नकार देतं. याकोब आणि योहान चिडतात आणि विचारतात, आकाशातून आग पाडून यांना भस्म करूया काय? हे त्यांच्या मनचं नाही. एलिया संदेष्ट्यानं जुन्या काळी नेमकं तेच केलं होतं, दुसऱ्या राजांच्या पहिल्या अध्यायात ते आहे. म्हणजे शिष्यांकडं शास्त्राचा दाखला होता. येशू वळून त्यांना दटावतो, आणि मंडळी दुसऱ्या गावाला चालायला लागतात. त्याच लूकच्या चौथ्या अध्यायात येशू सभास्थानात यशयाची गुंडाळी वाचतो, आणि देवाच्या सुडाच्या दिवसाचा उल्लेख येण्याआधी थांबून गुंडाळी परत देतो.

आणखी एक. मत्तयाच्या पंधराव्या अध्यायात एक आई आजारी लेकीसाठी येशूच्या मागं लागते. मार्क तिला सुरफुनीकी, म्हणजे त्या भागातली बाई म्हणतो. मत्तय मात्र मुद्दाम ‘कनानी’ म्हणतो. त्याच्या काळात हा शब्द जुनापुराणा झाला होता. ज्या जातीवर दया करू नका असा हुकूम होता, त्याच जातीची बाई दया मागते. येशू आधी कठोर बोलतो, कुत्र्याची उपमा देतो. ती उलट उत्तर देते, आणि तो तिचा विश्वास मोठा म्हणून लेकीला बरं करतो. याच मत्तयानं पहिल्या पानावर येशूची वंशावळ दिली आहे, आणि तीत यरीहोची राहाब आहे. कनानी, वेश्या, त्या कत्तलीतून वाचलेली. जिला मारायचं होतं ती आमच्या प्रभूची पणजी निघाली!

पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनाही हा पेच टोचत होता. मार्सियन नावाचा धनवान जहाजमालक रोमला आला आणि म्हणाला, हे दोन वेगळे देव आहेत. जुन्या कराराचा रागीट, येशूचा बाप दयाळू. म्हणून जुना करार टाकून द्या. इ.स. १४४ च्या सुमारास मंडळीनं त्यालाच बाहेर काढलं. वाट सोपी होती, पण ती घेतली असती तर येशू ज्या यहुदी शास्त्रावर वाढला तेच हातातून गेलं असतं.

तिसऱ्या शतकात ओरिगेन नावाच्या विद्वानानं वेगळी वाट काढली. यहोशवा आणि येशू ही मुळात एकच नावं, ग्रीकमध्ये दोन्ही सारखीच लिहितात. तेव्हा तो म्हणाला, ही लढाई बाहेरची नाही. कनानी राजे म्हणजे माझ्या मनातले विकार. या युद्धकथा आतल्या युद्धाची चित्रं नसत्या, तर शांती शिकवायला आलेल्या ख्रिस्ताच्या शिष्यांनी ही पुस्तकं मंडळीत वाचायला दिलीच नसती, असा त्याचा युक्तिवाद. आपल्याकडं कुरुक्षेत्र म्हणजे मनाचं रणांगण असा गीतेचा अर्थ लावणारे झाले, गांधीजी त्यातलेच. ओरिगेनची रीत त्याच जातीची.

ओरिगेनच्या वेळी ख्रिस्ती लोकांच्या हाती सत्ता नव्हती. ती चौथ्या शतकात आली, आणि वाचनाची रीत बदलली. उत्तर आफ्रिकेतला संत ऑगस्टीन आधी म्हणत होता की श्रद्धा बळजबरीनं येत नाही. पुढं दोनातिस्त पंथाशी झगडताना त्याचं मत पालटलं. मेजवानीच्या दाखल्यात यजमान नोकरांना सांगतो की रस्त्यावरच्या लोकांना आग्रह करकरून आत आणा. त्या ‘आग्रहा’त ऑगस्टीननं सरकारी दंडुक्याला जागा करून दिली. दाखला जेवणाचा, पण पुढं हजार वर्षं तो बळजबरीच्या बाजूनं साक्षीला उभा केला गेला.

आता गोवा.

१५१० मध्ये आल्बुकर्कनं गोवा शहर घेतलं. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली. देवळांच्या जमिनींचं उत्पन्न पाद्र्यांच्या कामाकडं वळवलं. १५४३ मध्ये बारदेश आणि सासष्टी पोर्तुगिजांकडं आली. १५६० मध्ये इन्क्विझिशन बसलं, ते मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. १५६० च्या दशकात सासष्टीतली शेकडो देवळं पडली. आपल्यातल्या अनेकांची कुलदैवतं याच धामधुमीत नदीपार गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

मला थबकायला लावलं ते १५६७ च्या प्रांतिक धर्मपरिषदेनं. गोव्यातल्या धर्माधिकाऱ्यांची ही पहिली मोठी बैठक. तिच्या ठरावांत एकीकडं म्हटलंय की कुणालाही धाकदपटशानं ख्रिस्ती करू नये, श्रद्धा मनानं यायला हवी. आणि त्याच ठरावांत मागणी आहे की देवळं राहू देऊ नयेत, मूर्ती राहू देऊ नयेत, हिंदूंचे पुजारी आणि गुरू देशाबाहेर घालवावेत. पहिलं वाक्य डोंगरावरच्या प्रवचनाच्या घरचं. दुसरं अनुवादाच्या सातव्या अध्यायाच्या शेजारी ठेवून बघा: वेद्या पाडा, स्तंभ फोडा, मूर्ती जाळा. यादी तीच. एका कागदावर दोन्ही आज्ञा, आणि लिहिणाऱ्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही.

यामागं निव्वळ धर्म होता असंही कुणी समजू नये. जमीन होती, महसूल होता, गावकारीवरचा ताबा होता. पण राजाला जमीन हवी असते तेव्हा त्याला शास्त्रातलं एक पान लागतं, आणि ते पान शास्त्रात होतं. हे मला नाकारता येत नाही.

कुंकळ्ळीची गोष्ट इथंच बसते. कुंकळ्ळी, असोळणे, वेळ्ळी, आंबेली आणि वेरोडे या गावांनी सारा द्यायला नकार दिला होता आणि पाडलेली देवळं परत उभारली होती. लष्करी मोहिमा आल्या, देवळं पुन्हा पडली. त्या मोहिमांत सैनिकांबरोबर काही जेझुइट पाद्रीही होते. जुलै १५८३ मध्ये पाच जेझुइट आणि त्यांच्याबरोबरचे लोक कुंकळ्ळीत आले. नवी इगर्ज कुठं बांधायची ती जागा बघायची होती, क्रूस रोवायचा होता. त्यांचा प्रमुख रुदोल्फो आक्वाविवा काही महिन्यांपूर्वीच अकबराच्या दरबारातून परतला होता. तिथं त्यानं मौलवींशी वर्षानुवर्षं शब्दांनी वाद घातला होता. गावकऱ्यांनी हल्ला केला. बरोबरच्या एका पोर्तुगिजाकडं बंदूक होती. ती त्यानं उचलली तेव्हा पाशेको नावाच्या पाद्र्यानं त्याला अडवलं, आपण लढायला आलेलो नाही म्हणून, अशी हकिगत जेझुइट परंपरेत सांगितली जाते. पाचही जण मारले गेले, आणि बरोबरचे अनेक स्थानिक ख्रिस्तीही.

पाशेकोनं त्या क्षणी बंदूक खाली करायला लावली हे खरं धरलं, तर तो आपल्या प्रभूच्या शब्दाला जागला. पण त्याआधी देवळं पाडणाऱ्या फौजा त्याच गावातून गेल्या होत्या, आणि गावाच्या डोळ्यांना पाद्री आणि फौज वेगळे दिसणं शक्य नव्हतं. शेवटच्या घटकेला म्यान केलेली तलवार आदल्या वर्षांचं पुसू शकत नाही.

पुढचं तर आणखी काळं आहे. पोर्तुगिजांनी बोलणी करायला म्हणून गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं. सोळा जण गेले. त्यांना तिथंच मारलं, एकटा निसटला असं सांगतात. गावांच्या जमिनी जप्त झाल्या. १८९३ मध्ये पोपनं त्या पाच जेझुइटांना धन्यवादित म्हणून जाहीर केलं. गावच्या प्रमुखांचं स्मारक व्हायला मात्र आपल्या काळापर्यंत थांबावं लागलं. एकाच गावात आज दोन्ही आठवणी उभ्या आहेत.

या सगळ्याच्या काठावर एक माणूस होता ज्याचं नाव मराठी वाचकाला माहीत असतं. थॉमस स्टीफन्स, इंग्रज जेझुइट, १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत बहुतेक काळ सासष्टीत राहिला. कुंकळ्ळीत मारलेल्या आपल्या सोबत्यांचे देह मिळवण्यासाठी धडपडणाऱ्यांत तो होता. याच स्टीफन्सनं १६१६ मध्ये राचोलला ‘क्रिस्तपुराण’ छापलं. मराठीत, ओवीत, जवळपास अकरा हजार ओव्या. सूड घ्यायला त्याच्याकडं कारण होतं, आणि त्याच्या बाजूला तोफाही होत्या. त्यानं आयुष्य घालवलं ते ज्या लोकांनी त्याचे सोबती मारले त्यांची भाषा शिकण्यात. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. मराठी भाषेची त्यानं केलेली स्तुती आपल्या शाळेच्या पुस्तकांतून आपण वाचलेली आहे.

त्यानं ग्रंथाचे दोन भाग केले, पहिलं पुराण जुन्या कराराचं, दुसरं नव्याचं. सासष्टीतल्या नवख्रिस्ती मंडळींची जुनी पुराणं काढून घेतली होती, ऐकायला काही उरलं नव्हतं, म्हणून हे पुराण रचलं असं त्यानंच प्रस्तावात मांडलंय. बघा, हिंसा इथंही आहेच. पोथ्या काढून घेतल्या म्हणून जागा रिकामी झाली. पण त्या रिकाम्या जागेत त्यानं हुकूमनामा ठेवला नाही. श्रोते शंका विचारतात आणि पाद्री उत्तर देतो, असा आपल्या पुराणिकाचा ढंग ठेवला. स्टीफन्स त्या राजवटीचाच माणूस होता, त्याला आजच्या मापानं उदार ठरवायची घाई मी करणार नाही. तरी त्याच शास्त्रातून देवळं पाडणारेही निघाले आणि अकरा हजार ओव्या लिहिणाराही निघाला, याची नोंद आपल्या इतिहासात दोन्ही बाजूंनी हवी.

आमच्या बेळगावची गोष्ट वेगळी. इथं लंडन मिशन १८२० मध्ये आलं, फौजेच्या कॅम्पाच्या आसऱ्यानं, पण पाद्र्यांच्या हाती इन्क्विझिशन नव्हतं. शाळा होत्या, छापील पुस्तकं होती आणि वाद होते. बाबा पदमनजी इथलेच, १८३१ चा जन्म, १८५४ मध्ये इथंच बाप्तिस्मा. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे तेच. त्या पिढीत मुंबईत मिशनरी पुराणांतल्या देवांच्या वागण्यावर बोट ठेवत, आणि मोरभट दांडेकर, विष्णुबुवा ब्रह्मचारी असे आपले लोक त्यांना जाहीर सभांत उलट सवाल करत. १८५७ मध्ये विष्णुबुवांच्या सभा समुद्रकिनाऱ्यावर भरायच्या. दुसऱ्याच्या पोथीतली हिंसा आपल्याला लगेच दिसते, आपल्या पोथीतली दिसायला शेजारी लागतो. माझ्या बाबतीत तो शेजारी भाऊ होते.

मराठी शास्त्राचा विचार करताना मला पंडिता रमाबाई हमखास आठवतात. केडगावच्या मुक्ती मिशनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्खं बायबल साध्या मराठीत उतरवलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. छपाईचं काम त्यांच्याकडच्या बायकांनी केलं. दुष्काळातून आणलेल्या पोरी, टाकलेल्या विधवा, अनाथ लेकरं. त्यांच्यामध्ये बसून या बाईनं अमालेक्यांच्या तान्ह्या मुलांबद्दलची ती ओळ मराठीत उतरवली. त्या वेळी त्यांच्या मनात काय आलं असेल, हा विचार मी पुष्कळदा केला आहे. त्यांनी ती ओळ गाळली नाही. आज्जीनंही गाळली नाही.

आता विद्वान काय म्हणतात तेही थोडक्यात. १९५२ ते १९५८ या काळात कॅथलीन केन्यन या बाईंनी यरीहो खणलं. यहोशवाचा म्हणून जो काळ धरतात, त्या काळातली मोठी तटबंदी तिथं मिळाली नाही. ऐ नावाचं दुसरं शहर तर त्या काळाआधीच हजारेक वर्षं ओसाड होतं, असं उत्खननातून दिसलं. खुद्द शास्त्रातही यहोशवाचं पुस्तक एकीकडं सगळे मारले म्हणतं, आणि लगेच पुढचं शास्ते हे पुस्तक कुठले कुठले कनानी हाकलता आले नाहीत याची यादी देतं. १८६८ मध्ये मवाबाच्या मेशा राजाचा एक शिलालेख सापडला, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला. त्यात मेशा फुशारकी मारतो की नबो गावचे सात हजार इस्राएली मी माझ्या देवासाठी हेरेम केले. शब्दही तोच! त्याच लेखात इस्राएल कायमचा संपला असंही तो सांगतो. इस्राएल काही संपला नव्हता. म्हणजे त्या काळच्या राजांची ही बोलण्याची रीतच होती. बरेच अभ्यासक मानतात की अनुवाद आणि यहोशवा ही पुस्तकं आजच्या रूपात आली ती पुष्कळ उशिरा, योशिया राजाच्या काळात आणि त्यानंतर, जेव्हा इस्राएल स्वतः मोठ्या साम्राज्यांच्या टाचेखाली होतं.

यानं ओझं थोडं हलकं होतं. कदाचित ती कत्तल तशी झालीच नाही. पण भाऊंना हे सांगून काय उपयोग? यरीहोची भिंत पडली नसेल, वेर्ण्याचं देऊळ पडलं. गोष्ट खरी घडली की नाही यापेक्षा ती वाचून लोकांनी पुढं काय केलं, याचा हिशेब शेजाऱ्याला द्यावा लागतो.

बेळगावला परतल्यावर मी बरीच वर्षं शब्बाथशाळा चालवली. छापील धड्यांत यरीहोची भिंत असते, रंगीत चित्र असतं, शिंगं असतात, आणि धडा भिंतीपाशीच संपतो. मी पुढच्या ओळी वाचून घ्यायचो. एकदा एका पालकांनी तक्रार केली, “सर, लहान पोरांना हे कशाला?” मी म्हटलं, “ताई, पोरं एक दिवस स्वतः वाचणारच. तेव्हा शेजारी कुणी नसेल, आणि एखादा म्हणेल की बघ, देवानंच सांगितलंय.” मग मी वर्गात राहाबेची गोष्ट सांगायचो, कनानी बाईची सांगायचो, आणि शेवटी त्या शोमरोनी गावाची. मुलांना विचारायचो, याकोब-योहानाकडं शास्त्राचा दाखला होता की नाही? होता. मग प्रभू का रागावला? दहा-बारा वर्षांच्या एका पोरीनं दिलेलं उत्तर मी वहीत लिहून ठेवलंय: “कारण त्या गावात पण लहान मुलं होती.”

भाऊंच्या प्रश्नाला माझं उत्तर या मुलीच्या उत्तरापलीकडं फारसं जात नाही. खंयचें धरतात? शास्त्रात दोन्ही आहे, आणि जे आहे ते नाही म्हणायचं नाही. पण आम्ही स्वतःला ज्याचं नाव लावतो, त्याच्यासमोर हाच पेच आला तेव्हा त्यानं आग मागणाऱ्यांना दटावलं आणि दुसऱ्या गावाची वाट धरली. नावच त्याचं लावलंय, म्हटल्यावर वाटही तीच धरावी लागेल. ज्यांनी धरली नाही त्यांनी शास्त्र वाचलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी एकटं ते पान वाचलं, आणि झोपी गेले.

भाऊंना मी हे सगळं एका बैठकीत सांगितलं नाही, वर्षभर थोडं थोडं बोलणं होत राहिलं. दर शिगम्याला ते मला सोंत्र्यो बघायला घेऊन जायचे. फातर्प्याहून देवीची पालखी आपल्या जुन्या गावी कुंकळ्ळीला येते, बारा वांगडांच्या बारा रंगीत छत्र्या घेऊन. गुलालात सगळे सारखेच लाल होतात. वाटेत गावचे ख्रिस्ती लोकही सामील होतात, कारण गावकार म्हणून त्यांचेही पूर्वज तेच. हुकूम होता की त्यांच्याशी करार करू नका, सोयर ठेवू नका. साडेचारशे वर्षं झाली तरी त्या गावानं तो हुकूम पुरता मानलेला नाही.

मंडळी, कुणाच्या घरी सासष्टीतून देव हलवल्याची तोंडी हकिगत असेल, कुणाच्या ख्रिस्ती घरात क्रिस्तपुराण वाचायची जुनी रीत आठवत असेल, किंवा जुन्या मराठी शास्त्रात समासात आजी-आजोबांनी पेन्सिलीनं काही लिहून ठेवलेलं असेल, तर जरूर कळवा. जुनी माणसं चालली आहेत, आणि अशी टिपणं छापील पुस्तकांत सापडत नाहीत.